समुद्राच्या माशांसाठी जिवंत खाद्य: आर्टेमिया घरी कसा तयार करावा

आपल्या सभासदांच्या घरांत गप्पी, मोली, एंजल अशा गोड्या पाण्यातल्या माशांच्या काचेच्या पेट्या पूर्वीपासून आहेत. आता काही घरांत खाऱ्या पाण्याच्या पेट्याही आल्या आहेत. मुंबईला लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला गेलेली मंडळी क्रॉफर्ड मार्केटमधून केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घेऊन येतात. पिशवीत प्राणवायू भरून रात्रीच्या गाडीने तो बुऱ्हाणपूरला पोहोचतो आणि पहिला आठवडा सगळे घर त्या पेटीसमोर बसते. मग मासा पोटाशी खपाटीला जातो, कोपऱ्यात थांबतो आणि पंधरा-वीस दिवसांत मरतो. मुले रडतात. दुकानदार म्हणतो, पाणी बिघडले असेल.

कधी पाणी बिघडलेले असतेच. पण पुष्कळदा तो मासा उपाशी मेलेला असतो. समुद्राच्या शोभेच्या माशांपैकी बरेचसे अजूनही प्रवाळांच्या भागातून पकडून आणलेले असतात. त्यांनी जन्मात खाद्याची कोरडी गोळी पाहिलेली नसते. जे हलते तेच अन्न, एवढेच त्यांना ठाऊक. समोर गोळी तरंगत राहते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. अशा वेळी कोणीतरी सांगतो, “ब्राइन श्रिम्प द्या, जिवंत.” सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा सांगावा म्हणून हा लेख.

ब्राइन श्रिम्प, म्हणजे आर्टेमिया. नावात श्रिम्प असले तरी ती आपली कोळंबी नव्हे, फार तर दूरची नातेवाईक. पूर्ण वाढ झाली की लांबी साधारण एक सेंटिमीटर. अंगावर कवच नाही, अकरा जोड्या पाय, आणि पोहणे कायम उताणे, पाय वर करून. समुद्रात तो सहसा सापडत नाही, कारण पळता येत नाही, लपता येत नाही, मासे एका दिवसात फडशा पाडतील. म्हणून तो राहतो जिथे मासे जगूच शकत नाहीत अशा अतिखारट पाण्यात: खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत. अमेरिकेतल्या युटाचे ग्रेट सॉल्ट लेक हे त्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. बाजारात डबाबंद मिळणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा तिथूनच येतो.

भारतात आर्टेमिया आहे याची पहिली नोंद मात्र मराठी मुलखातली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांना तो मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत सापडला आणि १९५३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तसे प्रसिद्ध केले. पुढे राजस्थानचे सांभर सरोवर, तमिळनाडूत तुतिकोरीनकडची मिठागरे अशा ठिकाणीही तो आढळला. याच कुलकर्णींनी नंतर लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीर माशाच्या प्रजननाचे काम केले. महसीर हा आपल्या मध्य प्रदेशचा राज्यमासा, म्हणून हे नाव आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

मिठागरात आर्टेमिया असणे मीठ पिकवणाऱ्याच्याही फायद्याचे असते. तो पाण्यातले शेवाळाचे बारीक कण गाळून खातो, पाणी निवळते आणि मिठाचे स्फटिक स्वच्छ धरतात. गाळून खाण्याची ही सवय पुढे आपल्या कामी येणार आहे.

सुकलेली अंडी, पण मेलेली नाहीत

पाणी फार खारट झाले, आटू लागले, की मादी पिल्ले देण्याऐवजी जाड कवचाची अंडी सोडते. खरे तर ती नुसती अंडी नसतात. आत वाढीला लागलेला गर्भ असतो आणि तो मध्येच थांबलेला असतो. पूर्ण सुकवून, ओल न लागू देता ठेवली तर ही अंडी काही वर्षे तशीच राहतात. त्यांना पुन्हा खारे पाणी, हवा, ऊब आणि उजेड मिळाला की एका दिवसात पिल्लू बाहेर येते. एक अंडे मिलिमीटरच्या पाव भागाएवढेही नसते. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम अंड्यांतून दोन लाखांहून जास्त पिल्ले निघतात. जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या आणि कोळंबीच्या पिल्लांना हेच खाद्य चालते. १९३० च्या दशकात अमेरिका आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी ते वापरून दाखवले, तेव्हापासून.

समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय फार मोठी आहे. राजघाटावरून वाहणारी तापी शेवटी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण तिकडून आपल्याकडे उलटे काही येत नाही. गोठवलेले खाद्य मागवावे तर प्रवासात वितळते, आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवले की त्यात राम राहत नाही. अंड्यांचा डबा मात्र टपालानेही सुखरूप येतो.

स्थानिक दुकानात “लाइव्ह फूड” मागितले तर बहुधा ट्यूबिफेक्स नावाचे लाल किडे हातात देतात. ते गोड्या आणि घाण पाण्यातले आहेत. खाऱ्या पेटीत टाकले की मरतात, वाळूत सडतात आणि पाणी खरोखरच बिघडते. खाऱ्या पाण्याच्या पेटीत ते टाकू नयेत.

डबा भरलेला हवा

आता उरलेला अर्धा सल्ला. जिवंत आहे म्हणजे पौष्टिक आहे, असे नाही. मुलाला शाळेत डबा दिला, पण त्यात काहीच भरले नाही, तर डबा दिल्याचा उपयोग काय? उपाशी आर्टेमिया हा असा रिकामा डबा आहे.

अंड्यातून नुकते बाहेर आलेले पिल्लू केशरी दिसते. तो रंग त्याच्या पोटातल्या शिदोरीचा, म्हणजे पिवळ्या बलकाचा. या अवस्थेत त्याला उघडे तोंडही नसते, ते शिदोरीवरच जगते. साधारण २८ अंशांच्या उबेत सात-आठ तासांनी ते कात टाकते आणि तोंड उघडते. तोपर्यंत शिदोरी बरीच संपलेली असते. चोवीस तास काहीही न खाता राहिलेल्या पिल्लातली पंचवीस-तीस टक्के ऊर्जा खर्च झालेली असते आणि केशरी रंग फिका होऊन ते काचेसारखे दिसू लागते. म्हणून पिल्ले द्यायची तर निघाल्यापासून सहा-आठ तासांच्या आत द्यावीत. मासा तितकीच पिल्ले खातो, पण सकाळच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणात मोठा फरक पडतो.

मोठा झालेला आर्टेमिया माशांना फार आवडतो, कारण तो वळवळतो आणि तोंडात मावतो. पण त्याच्या अंगात सुमारे नव्वद टक्के पाणी. उपाशी ठेवलेला असेल तर उरलेल्या दहा टक्क्यांतही फारसे काही नसते. त्याला आधी खाऊ घालावे लागते. इथे त्याची गाळून खाण्याची सवय उपयोगी पडते: पाण्यात जे बारीक कण तरंगतात ते तो निवड न करता पोटात घेतो. आपण स्पिरुलिनाची पूड दिली तर काही तासांत त्याचे आतडे हिरवे दिसू लागते, आणि मासा त्याला खातो तेव्हा ते हिरवेही त्याच्या पोटात जाते.

समुद्राच्या माशांची एक खास गरज आहे. ईपीए आणि डीएचए नावाची मेदाम्ले त्यांना अन्नातूनच मिळावी लागतात, गोड्या पाण्यातल्या पुष्कळ माशांसारखी ती त्यांना स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत. आर्टेमियात डीएचए नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसतेच. स्पिरुलिनातही नसते. म्हणून मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांचे तोंड उघडल्यावर त्यांना बारा ते चोवीस तास माशाच्या तेलापासून बनवलेल्या खास द्रवात ठेवतात आणि मग खायला घालतात. हा द्रव शोभेच्या माशांच्या मोठ्या दुकानांत बाटलीत मिळतो. दोन-चार थेंब पुरतात. घरातले कॉड लिव्हर ऑइल थेट ओतू नये. तेल वर तरंगते, पिल्लांच्या पायांना चिकटते आणि ती मरतात.

आमचे मत विचाराल तर, निव्वळ आर्टेमियावर कोणताही मासा महिनोन्महिने ठेवू नये. न खाणाऱ्या माशाला खाण्याची गोडी लावायला, पिल्ले वाढवायला आणि आठवड्यातून दोन-तीनदा बदल म्हणून तो उत्तम. मासा आर्टेमिया झडप घालून खाऊ लागला की त्यात थोडे बारीक केलेले कोरडे खाद्य मिसळायला सुरुवात करावी. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक क्लाउनफिश आणि डॅमसेल कोरड्यावर येतात. मग मंडळी गावाला गेली तरी शेजारचे काका चिमूटभर खाद्य टाकू शकतात.

बाटलीतली उबवण

सामान बहुतेक घरातलेच. कोल्ड्रिंकची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापून टाका आणि ती झाकणासकट उलटी टांगा. निमुळत्या भागापर्यंत हवेच्या पंपाची नळी सोडा. बुडबुडे खालून वर आले पाहिजेत, नाहीतर अंडी एका जागी बसतात आणि उबत नाहीत. पाण्याला लिटरमागे २५ ग्रॅम मीठ. आयोडीनचे बारीक मीठ टाळून साधे खडे मीठ वजनकाट्यावर तोलून घ्यावे. उबवण्यासाठी महागडे समुद्री मीठ खर्च करण्याचे कारण नाही. ते मोठ्या पेटीसाठी ठेवा.

पाण्याच्या बाबतीत बुऱ्हाणपूरकरांचे नशीब चांगले आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्याला चुना धरतो, बायका वैतागतात. चारशे वर्षांपूर्वीच्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांतही भिंतींवर चुन्याचा थर चढलेला आपण पाहिला आहे. आर्टेमियाला मात्र असे जड पाणी मानवते. त्याला पीएच आठच्या वर लागतो. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे, आणि पाणी आरओचे असेल तर त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकावा. मोठ्या पेटीचे गणित उलटे आहे. तिथे समुद्री मीठ आरओच्या पाण्यातच कालवावे, म्हणजे बोअरमधले नायट्रेट आणि इतर क्षार आत जात नाहीत.

एका पेटीसाठी लिटरभर पाण्यात पाव चहाचा चमचा अंडी पुष्कळ झाली. जास्त टाकली तर प्राणवायू कमी पडतो आणि वास येतो. वर एक दिवा लावून ठेवा. तापमान २६ ते २८ अंश असेल तर चोवीस तासांत पाणी केशरी दिसते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री गारठा असतो, तेव्हा छत्तीस तासही लागतात.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. रिकामी तपकिरी टरफले वर येतात, न उबलेली अंडी तळाला बसतात, आणि पिल्ले तळाच्या जरा वर गोळा होतात. पिल्ले उजेडाकडे जातात, म्हणून खालच्या बाजूला टॉर्च धरली तर काम सोपे होते. हा खेळ मुलांना जरूर दाखवावा, साधे भिंग असले तरी पुरे. झाकण किंचित सैल करून तळाची अंडी आधी सोडून द्या, मग केशरी भाग दाट विणीच्या सुती कापडावर गाळा, वरची टरफले बाटलीतच राहू द्या. टरफले पचत नाहीत, छोट्या माशांच्या पोटात ती अडकू शकतात. गाळलेली पिल्ले पाण्याने धुवा आणि मगच पेटीत टाका. उबवणीचे पाणी पेटीत कधीही ओतू नये, त्यात जंतू भरपूर असतात.

पिल्ले उरली तर पसरट भांड्यात थोड्या खाऱ्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. गारव्यात त्यांची शिदोरी हळू संपते, एक दिवस सहज निभावतो. अंड्यांचा डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्येच असावा. पावसाळ्याची दमट हवा लागली की अंडी अर्धवट जागी होतात आणि पुढे उबत नाहीत. जुना डबा असेल तर आधी चिमूटभर उबवून पाहावे.

पेटीत देताना

आधी फिल्टरचा पंप बंद करा, नाहीतर अर्धे खाद्य त्यातच जाते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्या. खाऱ्या पेटीचा एक फायदा आहे, वाचलेला आर्टेमिया तिथे लगेच मरत नाही, मासे नंतरही टिपत राहतात. गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरतो, तेव्हा गप्पी-एंजलवाल्यांनी हात आणखी आखडता ठेवावा.

मोठे आर्टेमिया हवे असतील तर थोडी पिल्ले एका टबात वाढवता येतात. तांदळाचा अगदी बारीक चाळलेला कोंडा किंवा स्पिरुलिना, पाणी जेमतेम गढूळ होईल इतकीच. पाणी निवळले की पुन्हा. दोन-तीन आठवड्यांत ते पूर्ण वाढतात.

क्लाउनफिशची पिल्ले काढण्याचा उत्साह कोणाला असेल तर त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पहिल्या आठवड्यात आर्टेमियाचे पिल्लूही त्यांच्या तोंडात मावत नाही, आधी रोटिफर हे त्याहून बारीक खाद्य लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाच्या पद्धती बसवल्या आहेत. खरेदी करताना शक्य असेल तर असा केंद्रात वाढलेला मासा मागावा. तो लहानपणापासून आर्टेमिया आणि कोरडे खाद्य खात आलेला असतो, आणि समुद्रातून एक मासा कमी पकडला जातो.

समुद्रघोड्याबद्दलही विचारणा होते, कारण तो जिवंत खाद्यच खातो आणि आर्टेमिया त्याच्यासाठी योग्य असे वाचायला मिळते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून समुद्रघोडे आहेत, खडकाळ प्रवाळही आहेत. कोणी गुपचूप विकत असेल तरी घेऊ नये. तो दखलपात्र गुन्हा आहे.

माळकरी घरातला प्रश्न

हा प्रश्न एका आजींनी विचारला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात गळ्यात माळ, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही, आणि नातवाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाखो जीव उबवून ते माशांना घालायचे, हे कसे?

मासा पाळला की त्याचे अन्न आपल्याला चुकवता येत नाही. कोरड्या गोळीतही मासळीची पूडच असते, ती फक्त दिसत नाही. तरी ज्यांच्या मनाला हे टोचते त्यांना एक मधली वाट आहे. टरफल काढलेली अंडी तयार मिळतात. ती न उबवता, तशीच भिजवून देता येतात. पोषण ताज्या पिल्लाइतकेच, टरफलाची अडचण नाही, पाण्यात वळवळ नाही. अर्थात जी वळवळ पाहूनच मासा खातो, त्याला ती चालतीलच असे नाही. पंपाच्या प्रवाहात सोडून पाहावी. टरफल काढण्यासाठी ब्लीच वापरावे लागते, त्याने डोळे आणि त्वचा भाजते, म्हणून हे काम घरी करू नये, तयारच घ्यावी. आणि बाटली ओट्यावर न ठेवता गॅलरीत किंवा अभ्यासाच्या टेबलावर ठेवावी, यावर आजींशी आम्ही सहमत आहोत.

एप्रिल-मेची काळजी

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि दुपारी वीज जाते. उबवणीची बाटली पस्तीस अंशांच्या वर गेली की अंडी नीट उबत नाहीत, निघालेली पिल्लेही शिदोरी भराभर संपवतात. या दिवसांत बाटली रात्री लावावी, कूलरच्या खोलीत ठेवावी आणि पहाटेच पिल्ले काढून लगेच द्यावीत. पेटीतले पाणी आटते तेव्हा मीठ आटत नाही, मागे राहते. म्हणून भर घालताना गोडे आरओचे पाणी घालावे, खारे नव्हे, आणि पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून रोज सकाळी त्या खुणेपर्यंत भरावे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप जवळ ठेवावा. लांब वीज गेलेल्या दिवशी माशांना काहीही खायला देऊ नये. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात पेटीत जिवंत राहिलेले हजारो आर्टेमियाही तोच प्राणवायू वापरतात.